पातेल्याला विचारलेला प्रश्न

केलेराला नाही म्हणता येत नसे. फिजीतल्या सावुसावूच्या धक्क्याजवळ शशीबाईंच्या खानावळीत ती पाहुण्यांना वाढायला लागली, तेव्हा हा गुण वाटला होता. पाहुण्याने काही विचारलं की तिच्या भुवया वर. आमच्याकडे भुवया वर गेल्या म्हणजे 'हो'. "मासा ताजा आहे?" भुवया वर. "तिखट नाही ना?" वर. पुढच्या टेबलावर "तिखट आहे ना?" तरीही वर. दारात आलेल्या माणसाचं तोंड उतरलेलं तिला बघवत नसे, एवढंच.

मग एके दिवशी एका शाकाहारी पाहुण्याने विचारलं, "ह्या पालुसामीत मांस नाही ना?" अळूच्या पानांत नारळाचं दूध, त्यात मांस कुठलं असणार, म्हणून भुवया उडाल्या. पहिल्याच घासाला डब्यातलं गोमांस निघालं. पाहुणा ताट टाकून निघून गेला.

शशीबाई कडाडल्या. "अगं, भुवया आहेत की पतंग? ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हण! आत जा, आपाकुकीला विचार, बाहेर येऊन ठामपणे सांग. लोकांना गोड उत्तर नको असतं गं, खरं हवं असतं. पुन्हा असं झालं तर मोरीवर भांडी घासायला बसवीन."

केलेराचा चेहरा पडला. पांढरं झंपर, कानामागे फूल, दूरदूरच्या माणसांशी गप्पा, ह्यावर तिचा जीव होता. पण आत जाऊन आपाकुकीला विचारायचं कसं? खानसामा आपाकुकी तिच्या सख्ख्या काकांचा मुलगा, म्हणजे भाऊच. आणि त्यांच्या बेटावर बहीण मोठी झाली की भाऊ तिच्याशी बोलत नाही, तीही त्याच्याशी बोलत नाही. भांडण नव्हे, अदब. लहानपणी एकाच चटईवर जेवलेली ही दोघं आता समोरासमोर आली की एक समुद्राकडे बघे, दुसरा चुलीकडे.

म्हणून निरोप पोचवायला होती भांडी घासणारी तावाइता. "तुम्हा दोघांच्या अदबीपायी माझ्या टाचा झिजल्या," ती कुरकुरायची, पण जायची. पालुसामीच्या दिवशी ती नेमकी बाजारात होती.

आणि पुढच्या शनिवारी ती भाचीच्या लग्नाला गेलेली. शशीबाई मासळी आणायला बाहेर. ब्रिस्बेनचं एक म्हातारं जोडपं आलं. घटकाभरात त्यांची बोट सुटणार होती, म्हणून घाईत होतं. बाईचं नाव नोरीन. तिने अळूचं सूप मागितलं आणि विचारलं, "ह्यात कोळंबी नाही ना, बाळ? माझा घसा सुजतो. मागच्या खेपेला दवाखाना गाठेपर्यंत ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं."

त्या सुपात कधीच कोळंबी नसायची. केलेराने ते कितीदा तरी चाखलं होतं. भुवया निघाल्याच होत्या. पण बोलता बोलता नोरीनचा हात आपल्या गळ्याकडे गेला, आणि केलेराच्या भुवया अर्ध्यावर थांबल्या.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून हे ऐकून तिलाच धक्का बसला. "विचारून येते. तोवर काही खाऊ नका."

आत आपाकुकी पाठमोरा होता. केलेरा दाराशीच अडली. भावाला तोंडावर प्रश्न केला हे गावात कळलं, तर आई मान खाली घालून बसेल. पण बाहेर ती म्हातारी उपाशी बसली होती. केलेराने चुलीकडे पाहिलं.

"पातेल्या," ती म्हणाली, "बाहेर एक बाई आल्यात. कोळंबीने त्यांचा श्वास अडकतो. तुझ्यात कोळंबी आहे का रे?"

पळी थांबली. चुकलंच आपलं, असं तिला वाटलं.

मग तो खाकरला. "पातेल्या, सांग की तिला! सुपासाठी माशांची डोकी आली नाहीत वेळेवर, म्हणून आज कोळंबीची डोकी उकळून त्याचं पाणी घातलंय. त्या बाईंना थेंबही देऊ नको म्हणावं. भाजलेला मासा दे. तवा आधी घासून काढतो."

केलेरा बाहेर आली ती मान वर करून. "सुपात कोळंबीचं पाणी आहे, तुम्ही ते घेऊ नका. मासा चालेल, त्यासाठी तवा वेगळा घासलाय." नोरीनने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवशी केलेराला आपण मोठी झाल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून खानावळ उघडण्याआधी आपाकुकी भिंतीकडे तोंड करून एकेका पातेल्याला बजावतो: तुझ्यात हे आहे, तुझ्यात ते नाही. केलेरा दाराशी समुद्राकडे बघत ऐकते, मग चाखते. दिवसभर कुणी काही विचारो, तिची जीभ अडखळत नाही. शशीबाई नव्या पोरींना तिच्यामागे उभं करतात. "माझी नोकरी ह्या पातेल्याने खाल्ली," तावाइता म्हणते.

परवा सकाळी सगळी पातेली झाल्यावरही आपाकुकी पळी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आणखी एक, पातेल्या," तो म्हणाला. "आमच्याकडे एक मुलगी होती. खेकडा दिसला की माझ्यामागे लपायची. आता ती कुणाला घाबरत नाही. मला बरं वाटतं."

केलेराने समुद्रावरची नजर हलवली नाही. डोळे मात्र भरून आले.

"पातेल्या," ती म्हणाली, "त्याला सांग, मी ऐकलं."