कडुनिंबाचा धूर आणि हिरवा ठिपका

रविवार, पोळ्यानंतरचा पहिला. वेळ सकाळच्या चहाची. हजर: मी, म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी, माझ्या समोरच्या दारातल्या वहिनी, वरच्या मजल्यावरचे चाचा, ज्यांचा उभा जन्म औरंगपुऱ्यात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात गेला, आणि कन्नडहून न कळवता जीपनं आलेल्या वहिनींच्या विहीणबाई. गैरहजर: वहिनींची लेक. तिला सातवा महिना होता, आणि तिला कन्नडलाच ठेवून विहीणबाई एकट्या पाहणीला आल्या होत्या.

पाहणीचं कारण डास. आमच्या गल्लीत दोन घरांत डेंग्यू झाला होता आणि ती बातमी आमच्याआधी कन्नडला पोचली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण अशा गल्लीत सून पाठवायची नाही, असं विहीणबाईंनी फोनवर सांगून टाकलं.

सोसायटीत त्याच सुमारास यंत्रं बसली. शहरात काही ठिकाणी प्रयोग चालू होता, मी अर्ज केला आणि तीन मिळाली: एक फाटकाशी, एक गच्चीवर, एक वहिनींच्या मागच्या बोळात. बादलीएवढं काळं यंत्र. घामासारखा वास सोडून डासांना बोलावतं, आतल्या पंख्यानं ओढून घेतं आणि पंखांच्या आवाजावरून ओळखतं की हा साधा डास की डेंग्यूचा. मग मोबाईलवर त्या जागी ठिपका उमटतो: डेंग्यूचे डास नसले तर हिरवा, थोडे असले तर पिवळा, फार असले तर लाल.

वहिनींनी विहीणबाईंना धीर यावा म्हणून फाटकाजवळच्या हिरव्या ठिपक्याचा फोटो पाठवला. तिथंच फसल्या. ज्या बाईनं लग्नाच्या वेळी पत्रिकासुद्धा मागितली नव्हती, ती आता रोज सकाळी ठिपके मागू लागली. तेही तिन्ही.

गच्चीवरचा ठिपका टाकीच्या नळीला जाळी लावल्यावर हिरवा झाला. बोळातला मात्र लाल तो लालच. पाणी साचतं अशा जागांची यादी घेऊन मी बोळ पालथा घातला. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, करवंट्या, सगळं कोरडं. जिन्याखालच्या खोलीला तेवढं कुलूप होतं.

"तिथं काय, वहिनी?"

"अडगळ हो, ताई. किल्लीच सापडत नाही."

मी 'अडगळ' लिहून घेतलं आणि पुढं गेले. मग एका सकाळी बोळातला ठिपका आपोआप हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मला वाटलं, विज्ञानाचा विजय.

तर त्या रविवारी विहीणबाई मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. टेकतात न टेकतात तोच त्यांनी पोटरीवर फाडकन चापट मारली.

"ह्ये काय चावलं मला?"

"मुंगी असेल," वहिनी आतून म्हणाल्या.

"मुंगीला पंख फुटल्यात मग. का तुमच्याकडचं डाससुद्धा हिरवं हायत?"

यंत्र बिघडलं असणार म्हणून मी चाचांना हाक मारली. ते बनियनवरच पेचकस घेऊन खाली आले. झाकण उघडलं, आत डोकावले.

"मॅडम, मच्छर तर एकबी नाय."

वहिनींनी विहीणबाईंकडे विजयानं पाहिलं.

"लेकिन ये देखो." चाचांनी आतली जाळी बाहेर काढली. ती काजळीनं काळी झाली होती आणि तिच्यात कडुनिंबाची अर्धवट जळलेली पानं अडकली होती. त्यांनी बोटाचा वास घेतला. "भाभी, तुम्ही मशीनची दृष्ट काढली का?"

वहिनींनी चहाचा ट्रे खाली ठेवला. नंतर एका दमात सगळं बाहेर आलं. "मग काय करू? रोज लाल, रोज लाल! विहीणबाईंचा फोन आला की काळीज धडधडतं. रोज पहाटे बुडाशी धुरी केली, तेव्हा कुठं हिरवं झालं. पहिलं बाळंतपण आहे माझ्या लेकीचं. तिला न्हाऊमाखू मी नाही तर कोण घालणार?"

विहीणबाईंचा आवाज उतरला. "आवो, यंत्राला धूर दिला. पोरीला काय देणार? त्ये डास तिलाच चावणार ना?"

तेवढ्यात एक डास आमच्या देखत जिन्याखालच्या दाराच्या फटीतून आत गेला. घरी परतल्यासारखा.

"त्या दाराआड काय हाय?"

मी यादी पाहिली आणि ठामपणे सांगितलं, "अडगळ."

वहिनींनी कमरेची किल्ली काढली.

आत पाण्याची तीन मोठी टिपाडं होती. काठोकाठ भरलेली. वर जुन्या सुती साड्या ताणून बांधलेल्या, पण मधे झोळ पडून कापड पाण्यात बुडालेलं. साडी बाजूला केली तर पाणी अळ्यांनी नुसतं वळवळत होतं.

"बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीला," वहिनी पुटपुटल्या. "दोन वेळची अंघोळ, तेलकट कपडे, दुपटी. ऐनवेळी नळ आलाच नाही तर?"

आमच्या शहरात या बोलण्यात वेडेपणा नाही. नळाला पाणी यायचा दिवस इथं सणासारखा लक्षात ठेवतात आणि मधले दिवस टिपाडांवर निघतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, असं आरोग्य खात्याची माणसं सांगून जातात. आम्ही हो म्हणतो आणि ती वळली की झाकणं लावतो. पण इतक्या आधीपासून, कुलपात?

हसल्या त्या विहीणबाईच. "बाळ यायच्या आधी डासांचंच बाळंतपण उरकलं की तुम्ही!"

मग वहिनीही हसल्या, डोळे पुसत.

पुढचं काम मी वाटून दिलं. पाणी फेकायचं म्हटल्यावर वहिनींना घेरी येईल असं दिसत होतं, म्हणून जिना धुतला, चाचांची स्कूटर दोनदा धुतली आणि उरलेलं फाटकाबाहेरच्या तापलेल्या मातीत ओतलं. प्रत्येक बादलीला वहिनींचा चेहरा लेक सासरी निघाल्यासारखा. डासांची अंडी टिपाडाच्या आतल्या कडेला चिकटून राहतात, म्हणून विहीणबाईंनी पदर खोचून तिन्ही टिपाडं स्वतः घासली. चाचांनी यंत्राची जाळी धुऊन बसवली. संध्याकाळी ठिपका लाल झाला.

विहीणबाईंनी त्याचा फोटो स्वतःच काढून घेतला. "आता खरं बोलतंय. असंच खरं धाडत जा. हिरवं होऊन टिकलं की मी स्वतः आणून सोडते पोरीला."

ठिपका आधी पिवळा झाला, मग हिरवा. हिरवा झाला त्या सकाळी मी, चाचा आणि वहिनी, तिघांनीही आळीपाळीनं यंत्राचा वास घेऊन पाहिला. धूर नव्हता. ठिपका हिरवा टिकलाही. विहीणबाई येत्या गुरुवारी सुनेला घेऊन येत आहेत.

दोन टिपाडांना औरंगपुऱ्यात घट्ट बसणारी झाकणं मिळाली. तिसऱ्याचं तोंड आडमाप, त्याला एकही लागलं नाही. चाचा पत्र्याचं कापून देतो म्हणाले, सुतळीनं मापही घेतलं, पण त्याच सुतळीनं कुणीतरी स्कूटरवर गादी बांधून नेली.

ते टिपाड सध्या बोळात पालथं आहे. उद्या नळाला पाणी येणार. वहिनी सकाळपासून त्याच्याभोवती घुटमळत आहेत.

"ताई, नुसतं अर्धं भरू?"

"झाकण आल्याशिवाय थेंब नाही."

झाकण अजून आलेलं नाही.