मघाशीच जेवले

काशीआत्या दात कोरत दारात आली की समजायचं, घरात दाणा न्हाई. पोट भरलेलं असलं तर ती कुणासाठी उठायची बी न्हाई. पण चूल गार असली आन् परकं माणूस दारात आलं, की छपरातली काडी उपसायची, दातात घालायची, एक ढेकर काढायची आन् म्हणायची, "वाईच आधी यायचं की! मघाशीच जेवले." ढेकर इतका खरा, की ऐकून मलाच भूक लागायची.

ती माझ्या बापाची बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच मला वाढवला. वाढलो म्हंजी आडवाच. शाळेत मी एकदाच गेलो, पत्रं बसवाया. त्यातलं बी एक उलटं बसवलं. दौंडच्या ठेसनावर टांगा हाकायचो, तर आत्या म्हणायची, "भिवा, घोड्याला चाबूक धरता येत न्हाई म्हणून तू वर बसलायस."

तिची जीभ म्हंजी बाभळीचा काटा. शेजारची सोनाबाई नवऱ्याचा मार खाऊन रडत आली, की आत्या म्हणायची, "जरा मोठ्यानं रड. त्याला ऐकू गेलं न्हाई तर मार फुकट जायाचा." स्वतःचं मात्र कधी रडली न्हाई. मी विचारलं तर म्हणायची, "आतडं देवानं पोटात ठिवलंय, ते झाकाया. दाखवायचं असतं तर गळ्यात बांधलं असतं."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, घोडं इकलं, मी रिकामा टांगा बघत बसायचो. तवा पुण्यासनं एक पाहणीवाला साहेब आला. तरणा, गोड बोलणारा. त्याच्या काखंत जुन्या रिपोर्टांचा गठ्ठा. गोऱ्याच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या सालात कुणीतरी गावोगाव हिंडून लिवून ठिवलेलं: लोक काय खात्यात, घासलेट मिळतं का, चुलीपुढं बाया काय बोलत्यात. तीस वरसं ते कपाटात पडलेलं. आता वरनं हुकूम निघालेला, की लढाईत ज्या गावांनी हाल सोसले तिथं सुकडी आधी द्यायची. सुकडी म्हंजी लेकरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी सरकारचं गोड पीठ. शिरूरकडची एक वाडी तवा लिवणाऱ्यापुढं धाय मोकलून रडली होती, तिला सुकडी मिळाली बी.

आमच्या वाडीचं काय लिवलंय, ते साहेबानं देवळापुढं वाचून दाखवलं. "येथे कोणास काही कमी नाही. पलटणीतील शिपायाची बायको जेवून, दात कोरीत बाहेर आली."

सगळी वाडी आत्याकडं बघाया लागली.

"साहेब, ते खोटं हाय," मी तोंड घातलं. "आमी तवाबी उपाशी, आताबी उपाशी."

साहेबानं माझ्या पोटाकडं बघितलं. मी पोट आत ओढलं, पण त्याला बी जागा पायजे.

"ज्यांनी सांगितलं त्यांनीच खोटं म्हणायला हवं," साहेब म्हणाला. "आजी, तुम्ही बोललात तर मी नवा कागद जोडतो."

खोटं होतं हे वाडीला ठावं होतं. पण त्या खोट्याखाली तिची शेवंता होती. नवरा लढाईवर असताना चार वरसाची ती पोर गेली. आत्या सांगायची, तापानं. वाडी मान हलवायची. आता पोटभर जेवण खोटं म्हणायचं, तर ताप बी खोटा ठरत होता.

सोनाबाईनं आपलं धाकटं पोर आत्याच्या पायावर ठिवलं. "आत्या, येवढं बोला. लेकरं जगतील. जल्मभर इसरणार न्हाई मी."

 आत्यानं दातातली काडी काढली आन् मोडली.

"लिवा. घरात काय नव्हतं. पोरीला ताप नव्हता. शिपायाची बायको भीक मागती असं कागदावर जाऊ नये, म्हणून मी दात कोरत आले. पोर आत निजली होती. ती उठलीच न्हाई." मग सोनाबाईला म्हणाली, "उचल हे. मुतलंय माझ्या पायावर."

"फार मोलाची माहिती दिलीत, आजी," साहेब म्हणाला, आन् पेनाला टोपण लावलं.

सुकडी आली. पहिल्याच दिशी सोनाबाई भांडं घिऊन रांगंत पुढं. मागच्या बाईला म्हणती, "मी असते तर पोरीसाठी गावभर पदर पसरला असता. दात कसले कोरायचे?" काशीआत्या दोन पावलं मागं उभी होती. बाया हसल्या. मी बी हसलो, सवयीनं. आपलं तोंड असं, की कुणी बी हसलं की उघडतंच.

आत्या रिकामं भांडं घिऊन माघारी आली. त्यानंतर तिनं सुकडीला हात लावला न्हाई. मी तिचा वाटा आणून वाटी पुढं केली की म्हणायची, "मघाशीच जेवले." काडी मात्र घेत नव्हती. ढेकर बी न्हाई. "खा तू, वाया कशाला घालवतुस?" म्हणायची. मी एवढा शहाणा, की तिचा वाटा खाऊन वर भांडं चाटायचो.

पावसाच्या आधी ती गेली. उचलली तर माझ्या टांग्याच्या गादीयेवढी बी भरली न्हाई.

पुढं साहेब सुकडी कशी चाललीय ते बघाया आला. माझ्या दारात उभा राहिला. मागं निम्मी वाडी, सोनाबाई बी, कडंवर पोर. पोर चांगलं गुबगुबीत झालं होतं.

"आजी दिसत नाहीत?"

"गेली."

"अरेरे! कशानं गेल्या?" साहेबानं पेनाचं टोपण काढलं.

 सोनाबाई पोराचं नाक पुसत बसली. मी हात वर केला, छपरातली एक काडी उपसली आन् दातात घातली.

"तापानं, साहेब."

समद्या वाडीनं मान हलवली. साहेबानं लिवून घेतलं.