मामंजींनी पदर घेतला

नव्वदनंतरची गोष्ट. एका सकाळी चूळ भरली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून थेट पोलक्यावर. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड लोंबलेलं. चेहऱ्याचा लकवा. मी तेव्हा तिशीतली, आणि रूपाचा तोरा तर विचारूच नका. महिने गेले, गोळ्या झाल्या, तोंड काही सरळ होईना.

घरचे सगळे कपाशीच्या वेचणीत, म्हणून जाफराबादहून जालन्याला मला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी नेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांनी माझं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर पदर पुढं ओढायचा, त्याची कड दातांत धरायची, ही आमच्याकडची रीत. एसटीत मी आख्खं गाठोडं होऊन बसले.

दवाखान्यात मशीनवाल्या बाईंनी डाव्या गालावर तारा जोडलेल्या, टिकल्यांसारख्या चकत्या चिकटवल्या. स्नायूनं हलायचा नुसता प्रयत्न केला तरी बारीकशी वीज निघते म्हणे. ती कातडीवरूनच पकडायची, मोठी करायची, आजूबाजूच्या विजेची खरखर गाळायची आणि पडद्यावर रेघ काढायची. त्या खरखरीपायी पंखासुद्धा बंद.

"रेघ उठली तर गाल जिवंत आहे, व्यायामानं परत येईल. नाही उठली तर अवघड आहे."

बाईंनी मामंजींना बाहेर बसा म्हटलं होतं. पण तारा बघून मीच अडून बसले, "एकटी न्हाई बसणार!"

"ओठ पुढं काढा. शिट्टी वाजवल्यासारखे."

शिट्टी! अन् मामंजी समोर बाकड्यावर! रेघ एकदम उसळली. बाई खूश झाल्या, मग वाकून बघायला लागल्या.

"हा गाल नाही हो, जबडा बोलतोय. दातांत काय धरलंय?"

पदर!

सोडला. मंग रेघ आडवी ती आडवीच. बाई म्हणत होत्या, जोर लावा. मी लावतच नव्हते. गाल मेला तर मरू दे, पण सासऱ्यासमोर शिट्टी? काय ती अक्कल!

"बाबा," बाई हळूच म्हणाल्या, "इथं काहीच येत नाही."

मामंजी उठले. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं, हनुवटीपर्यंत ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"पोरी, आता मी पदर घेतलाय. मला काई दिसून न्हाई राह्यलं. वाजव."

ज्यांच्यासमोर गावात कुणी बिडी ओढत नव्हतं, ते माझ्यापायी असे बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओठ पुढं काढले. नुसती हवा निघाली. पण पडद्यावर इवलासा उंचवटा आला.

"आली!" बाई ओरडल्या.

उपरण्याआडून आवाज, "मला तर न्हाई ऐकू आली."

मग मी परत फुंकलं, परत फुंकलं. प्रत्येक वेळी उंचवटा. त्या रेघेवरून माझी नजर हटेना. चकत्या निघाल्या, व्यायाम समजावून झाले, मी आरशात तोंड बघितलं, पदर सारखा केला.

शेवटी भिंतीकडून आवाज आला, "झालं का गं?"

बिनपंख्याच्या खोलीत ते अजून तसेच बसले होते. उपरणं काढलं तेव्हा घामानं चिंब होतं.