काकांच्या डोक्यातली यादी

आमच्या बिबवेवाडीतल्या औषधवाल्या काकांना जेवढ्या माणसांच्या गोळ्या तोंडपाठ आहेत, तेवढी माणसे मला नावानेही माहीत नाहीत. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत यांचा हात बरोबर त्या खणात. पट्टी कापायची तीही अशी, की औषधाचे नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडेच जावा. पण कुणी गोळ्यांची यादी पुढे केली, की खाणावळीच्या मालकासमोर घरचा डबा उघडावा, तसा त्यांचा चेहरा व्हायचा. शेजारच्यांनी एकदा मोबाइलमध्ये गोळ्यांचे फोटो दाखवले, तर म्हणाले, "लग्न जमवताय का यांचं?"

मी याद्यांवर जगणारी बाई. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गोळ्यांची यादी करून मी काकांना ती दर महिन्याला तपासून द्यायची विनंती केली. "ताई, यादी वाण्याकडे द्यायची असते. इथे मी आहे," एवढे बोलून त्यांनी ती परत केली.

गेल्या वर्षी आबा चार दिवस हडपसरला माझ्या बहिणीकडे राहायला गेले आणि जिन्यात पडले. डोक्याला मार लागला. दवाखान्यात पहिला प्रश्न, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आबा म्हणाले, एक पिवळी असते, एक अर्धी असते. गोळ्या त्यांनी डबीत सुट्या भरून नेलेल्या, नाव कशावरच नाही. माझ्या यादीत तसली गोळी नव्हती. पण मधल्या काळात त्यांची औषधे बदलली होती आणि नवी चिठ्ठी घेऊन ते परस्पर काकांकडे गेले होते. मी काकांना फोन लावला. सव्वादोन वाजले होते. दुपारी एक ते चार काका दुकान बंद ठेवतात, आणि फोनही.

चार वाजता फोन लागला. काकांनी सातही गोळ्या एका दमात सांगितल्या. त्यांत रक्त पातळ करायची गोळी दुसऱ्याच क्रमांकावर होती.

आबा सुखरूप घरी आले. मी दुकानात गेले, तेव्हा काकांनी विचारले, "किती वेळा फोन केलात?"

"अकरा."

त्यांनी हातातली पट्टी कापली, ती नेमकी नावाच्या मधून.

पुढच्या आठवड्यात दुकानात जाड कार्डे आली. आता प्रत्येकाच्या गोळ्या काका स्वतः लिहून देतात, बदल लाल शाईत. कार्ड न आणणाऱ्याला सर्वांदेखत बोलणी खावी लागतात.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम म्हटले, कार्ड विसरले. मला ते जुने तोंडपाठ सांगणे ऐकायचे होते. काकांनी डोळे मिटून सुरुवात केली. सहा गोळ्या सांगितल्या आणि थांबले. सातवी मला माहीत होती. मी ती सुचवली नाही. मग त्यांनी हात पुढे केला.

"द्या ते कार्ड. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही, ताई."