हौद झाकण्याआधी

हौदवाले चाचा घरी आले की आधी माझी नाही, पाण्याची विचारपूस करायचे. लुना फाटकातून आत घ्यायची, तिला बांधलेला लांब दांड्याचा ब्रश सोडायचा आणि बाही वर करून हात थेट पाण्यात. "थकलंय बिचारं," असं म्हणून मग माझ्याकडे वळायचे, "सलाम, शेठ." शेठचा नंबर पाण्यानंतर. हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

मी शेंद्र्याचा. कारखान्यांची बांधकामं निघाली तेव्हा एका जुन्या ट्रॅक्टरवर खडी-वाळू टाकायला लागलो आणि भांडत, घासाघीस करत वर आलो. माझा आवाज चढला की समोरच्याचा भाव उतरतो, हा माझा अनुभव. बंगल्यामागे स्विमिंग पूल बांधला तोही रागानेच. चुलतभावाने पैठण रोडच्या फार्महाऊसवर बांधला म्हणून. एका मोठ्या हॉटेलच्या तलावावर आयुष्य काढलेले चाचा मात्र त्याला शेवटपर्यंत हौदच म्हणाले.

दिवाळीचे पाहुणे गेले आणि पाणी बोचायला लागलं की हौदाला रजा द्यायची. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण थंडीत कुणी उतरत नाही आणि बदामाची पानं पडून पाणी हिरवं होतं. उपसून टाकायची चैन नाही, टँकरने भरलेलं. चाचा भिंती घासायचे, पानं काढायचे, औषध टाकायचे, मोटर गोणपाटात गुंडाळायचे. वर ताडपत्री ओढून कडेला माझ्याच वाळूच्या गोण्या ठेवल्या की होळीपर्यंत निवांत.

पण ताडपत्री ओढण्याआधी ते थांबायचे. "आता मालकाची एक डुबकी. त्याशिवाय पाणी नाय झाकत मी."

मला पोहता येत नाही. लहानपणी पोरं विहिरीत उड्या मारायची, तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझी दोन्ही पोरं हौदात माशासारखी फिरायची आणि मी त्यांना काठावरून सूचना द्यायचो. त्यांच्यासमोर माझं पितळ उघडं पडणं परवडणारं नव्हतं.

"सर्दी आहे मला," मी आवाज चढवला.

"हौ का? मग नाक बाहेर ठेवा."

"चाचा, तुम्ही हौद झाकायला आलात की मला बुडवायला?"

"दोनो," असं म्हणून ते घडी केलेल्या ताडपत्रीवर बसले आणि त्यांनी चहा मागितला.

त्यांचं हेच हत्यार. ओरडणाऱ्याशी मी लढतो; बशीतला चहा फुंकत बसलेल्या माणसाशी काय लढणार? त्यात पोरांची शाळेतून यायची वेळ झालेली. शेवटी मी सौद्यावर आलो. त्यांनी अख्खी डुबकी मागितली होती, मी घोट्यावर तोडली. पायरीवर उभं राहून पाय भिजवले आणि दिवसभर खूश होतो.

पुढच्या वर्षी पुन्हा अख्ख्या डुबकीपासून सुरुवात. मी घोट्यावर ठाम. "घोटा मागच्या सालचा भाव, शेठ. महागाई बघा की जरा." गुडघ्यावर तुटलं. मग कंबर. तेव्हा चाचा स्वतः लुंगी खोचून समोर पाण्यात उभे राहिले. माझी बोटं त्यांच्या मनगटात रुतलेली आणि तोंडाने शिव्या चालू. "द्या शेठ, शिव्या द्या. त्यानं दम लांब होतो." छातीच्या वर्षी तर बायको खिडकीतून ओरडली, "चाचा, सोडू नका हं यांना!"

गेल्या हिवाळ्यात पाणी गळ्याशी आलं. दात वाजत होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर वेळी अर्ध्यावर तोडलं म्हणून मी मिरवत होतो आणि हा माणूस मला वीत-वीत करत खोल नेत होता. बाजारात मला असं कुणी गंडवलेलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

"डोकं तेवढं राहिलं," चाचा म्हणाले. "पुढच्या साली. जबान द्या."

दिली. आमच्या धंद्यात कागद फिरवता येतो, जबान नाही.

यंदा दिवाळी होऊन गेली तरी चाचांचा पत्ता नाही. पानं कुजायला लागली. फोन लावला आणि नेहमीसारखा सुरू झालो, "काय चाचा, हौदाचं डबकं झाल्यावर येणार का?" पलीकडे त्यांचा मुलगा होता. माझं संपेपर्यंत तो थांबला. "अब्बा उन्हाळ्यात गेले, शेठ. तुम्हाला कळवायचं राहून गेलं."

असा सौदा अर्धा टाकून जातं का कुणी?

हौद झाकणारी माणसं मिळतात. एक जण आलाही. त्याने मला वाकून नमस्कार केला, पाण्याकडे नीट बघितलंही नाही. त्याला परत पाठवलं. भिंती मीच घासल्या, खांदे भरून आले. मोटर गुंडाळली. बायकोला ताडपत्रीचं टोक धरायला बोलावलं, तर मागोमाग पोरंही आली. या वेळी त्यांना आत पिटाळलं नाही.

गळ्यापर्यंत गेलो, नाक दाबलं आणि खाली बसलो. वर आलो तो खोकत, डोळे चोळत, आणि सवयीने ओरडलो, "झालं समाधान, चाचा?"

आयुष्यात पहिल्यांदा मागितला तेवढा भाव दिला होता, आणि घ्यायला समोर माणूस नव्हता.

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही?" थोरल्याने विचारलं.

"नाही येत."

"मग उतरलात कशाला एवढ्या थंडीत?"

"ठरलं होतं," मी म्हणालो. "बघता काय? धरा ती ताडपत्री."