सिलोमाला काय चावत होतं

सिलोमा अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धूत आली. ऑस्ट्रेलियातल्या लोगनमध्ये आमच्या गल्लीपासून दोन थांबे पुढे म्हाताऱ्या माणसांचा एक आश्रम आहे, तिथल्या धुलाईखान्यात. म्हातारी माणसं अंथरुणात काय काय करून ठेवतात ते मी सांगत बसत नाही. सिलोमा ते सगळं आधी हातानं खरवडायची, भिजत घालायची, मग मशिनला लावायची. नव्या आलेल्या पोरींना ती चादर नाकाशी धरायला लावायची. साबणाचा वास आला तरी परत धुवा म्हणायची, कारण स्वच्छ कापडाला कशाचाच वास येत नाही, हे तिचं मत.

मी फेतू, तिची शेजारीण. आम्ही दोघी सामोआच्या, सावाई बेटावरच्या एकाच गावच्या. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा इओपू गेल्यापासून ती त्या भाड्याच्या लाकडी घरात एकटीच राहायची. मुलगी न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये. एकटं राहून बायका शांत होतात म्हणतात, तसं काही सिलोमाचं झालं नव्हतं. चर्चमध्ये कुणाच्या पोराची कॉलर मळलेली दिसली तर त्याच्या आईला ती सगळ्यांदेखत सांगायची. त्यामुळे तिच्यावर वेळ आली तेव्हा बऱ्याच जणींना आतून बरं वाटलं. मलाही थोडं वाटलं असेल. खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर नुकता लागला होता, इकडचा उकाडा सुरू झाला होता. एक दिवस सिलोमा सकाळी उठली तर मानेवर, काखेत आणि कमरेच्या नाडीच्या रेषेवर बारीक लाल पुळ्या. डास असतील म्हणून तिनं मच्छरदाणी लावली. दुसऱ्या सकाळी पुळ्या दुप्पट. पिसवा म्हणाव्यात तर घरात कुत्रं नाही की मांजर नाही. मग ढेकूण. तिनं गादी उभी केली, तिची शिवण न् शिवण बॅटरी लावून पाहिली, पलंगाच्या फटींतून सुई फिरवली, कडांवरून गरम इस्त्री ओढली. एक ढेकूण नाही, ढेकणाचा डागसुद्धा नाही. आणि चावणं रोज चालूच.

दहा दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले दिसायला लागले. ती डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला खरूज आहे, आणि मानेपासून पायापर्यंत लावायला मलम दिलं. आठवड्यानं परत तेच मलम. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यानं हातावरच्या पुळ्यांकडे पाहिलंच नाही. घरात एकट्याच असता का, नवऱ्याला जाऊन किती वर्षं झाली, झोप लागते का, कधी अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का, असं विचारत बसला. सिलोमा म्हणाली, चालल्यासारखं वाटत नाही, चालतं. त्यानं मान डोलावली आणि मन शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी तिनं दवाखान्याच्या पायरीवर फाडली आणि तुकडे परत आत जाऊन त्यांच्याच टोपलीत टाकले. रस्त्यावर कचरा करायची नाही ती, रागातसुद्धा.

खरूज हा शब्द मात्र तिच्या आधी आश्रमात पोचला. धुलाईखान्याची मुकादम जोआन, सिलोमानंच जिला बारा वर्षांपूर्वी चादरीची घडी शिकवली होती, ती हातमोजे घालून आत आली. सात बायका काम करत होत्या. त्या सातजणींसमोर जोआन म्हणाली, "सिलोमा, तू जरा बाहेर ये. कशाला हात लावू नकोस." डॉक्टरची चिठ्ठी मिळेपर्यंत घरी राहा म्हणून तिला पाठवून दिलं, आणि सिलोमानं त्या सकाळी घड्या करून ठेवलेला चादरींचा पूर्ण गठ्ठा जोआननं परत मशिनमध्ये टाकला. सिलोमा दारातून ते बघत होती. मला हे तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता. हळू बोलत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घराचं भाडं घेणाऱ्या एजंटच्या ऑफिसनं फवारणीवाला पाठवला, एकदा नाही, दोनदा. त्यानं जमिनीवर, पलंगाखाली, कपाटात औषध मारलं. घर आठ दिवस घासलेटासारखं घाण मारत होतं, आणि पुळ्या तशाच. मग ऑफिसचं पत्र आलं. किडे सापडले नाहीत. भाडेकरूच्या स्वच्छतेच्या सवयींकडे लक्ष देण्याची गरज आहे. गादीखाली जुनी गवती वस्तू आढळली, ती काढून टाकावी.

ती गवती वस्तू म्हणजे तिच्या आईनं विणलेली चटई. केवड्याच्या पाती उकळून, वाळवून, सुतासारख्या बारीक चिरून दोन वर्षं विणलेली, रेशमासारखी मऊ. अशा चटया आम्ही गादीखाली सपाट घालून ठेवतो, आणि लग्नाला, मयताला बाहेर काढून भेट देतो. इओपूच्या मयतालासुद्धा सिलोमानं दुसऱ्या चटया दिल्या, ही दिली नव्हती. पत्र वाचून तिनं ती चटई बाहेर काढली, अंगणात झटकली, उन्हात तासभर तिच्यासमोर बसून राहिली. मग घडी करून काळ्या पिशवीत कोंबली आणि मंगळवारच्या कचऱ्याच्या गाडीत दिली. मी कुंपणाशी उभी होते. थांब म्हणायला हवं होतं. पण मलाही वाटत होतं, काय सांगावं, असतील त्यात किडे.

कारण तेव्हा मीसुद्धा तिच्या घरात जात नव्हते. रोज भेटायचे, पण पायरीवर उभी राहून. चहा नको म्हणायचे, घाई आहे म्हणायचे. आणि चर्चमधून पाद्रीबाईंचा तिला फोन आला होता. या रविवारच्या जेवणाला सिलोमाबाईंनी नारळाच्या दुधातली अळूची पानं आणू नयेत, आराम करावा, सगळ्या जणी त्यांच्यासाठी प्रार्थना करताहेत. सिलोमा म्हणाली, "प्रार्थना करा की. पण देवाला माझा पत्ता सांगताना घर घाण आहे म्हणून सांगू नका." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती चार दिवस घराबाहेर आली नाही. आम्हाला वाटलं खचली. ती खचली नव्हती, शिकार करत होती. तिनं मनाशी विचार केला: रात्री जे येतं ते दिवसा कुठंतरी असणारच. तिनं खोली रिकामी केली, पलंगावर इस्त्रीची पांढरी चादर ताणून बसवली आणि भर दुपारी स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मिरपुडीच्या कणाएवढा एक ठिपका चादरीवर सरकला. तिनं चिकटपट्टी दाबून तो उचलला. थोड्या वेळानं दुसरा. पण पलंगाच्या कडेनं एकही वर चढत नव्हता. मधोमधच कसे येतात? तिनं वर पाहिलं. छताच्या दिव्याची वायर जिथून खाली येते त्या भोकाभोवती पांढऱ्या रंगावर बारीक पूड सांडल्यासारखी दिसत होती, आणि ती पूड हलत होती.

चिकटपट्टीचे तीन तुकडे काचेवर चिकटवून ती निघाली. डॉक्टरकडे गेली नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर जनावरांचे डॉक्टर आहेत, हॅलोरन नावाचे म्हातारे, त्यांच्याकडे गेली. कुत्री-मांजरं घेऊन बसलेल्या लोकांत रांगेत बसली. आपला नंबर आल्यावर म्हणाली, जनावर आणलेलं नाही, पण जनावरच आहे, बघा. त्यांनी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि दोन मिनिटांत विचारलं, "बाई, तुमच्या छपरात पाखरं आहेत का?"

ते पाखरांच्या अंगावरचे माइट होते, अगदी बारीक किडे. घरट्यात पिल्लं असतात तोवर ते त्यांचं रक्त पितात. पिल्लं उडून गेली की उपाशी किडे खाली उतरतात आणि जे ऊबदार अंग सापडेल त्याला चावतात. माणसाच्या अंगावर ते राहत नाहीत, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. मळाशी त्यांचा काही संबंध नाही. हॅलोरननी हे सगळं आपल्या कागदावर लिहून खाली सही केली.

आता राग कुणाचा करायचा ते सिलोमाला कळलं. जुलैमध्ये, इकडच्या थंडीत, छपराच्या कडेची एक फळी निखळली होती आणि तिथून साळुंक्या आत-बाहेर करायला लागल्या होत्या. तिनं तेव्हाच ऑफिसला लेखी कळवलं होतं. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं होतं. त्यानंतर कुणी फिरकलं नव्हतं.

माझा नवरा तासी तोंडाला फडकं बांधून छपरात चढला. बरोबर दिव्याच्या वर घरटं होतं: गवत, प्लॅस्टिकच्या चिंध्या, पिसं आणि वाळून कडक झालेलं एक मेलेलं पिल्लू. सिलोमानं ते पारदर्शक पिशवीत घातलं, ती दुसऱ्या पिशवीत, तोंड दोरीनं दोनदा बांधलं. आंघोळ केली, चर्चला जायचा पोशाख घातला आणि बसनं एजंटच्या ऑफिसात गेली. मी सोबत गेले. तिनं ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

टेबलामागे ब्रेडन नावाचा तिशीतला माणूस होता. सिलोमानं पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. आतल्या प्लॅस्टिकवर ठिपके चालत होते. तो खुर्चीसकट मागे सरकला.

"हे काय आहे?"

"माझ्या स्वच्छतेच्या सवयी," सिलोमा म्हणाली. "बघ, लक्ष दे त्यांच्याकडे."

त्यानं पिशवी उचला म्हणून सांगितलं. ती बसली. जुलैचं पत्र, त्याचं उत्तर, हॅलोरनचा कागद, तिन्ही तिनं एकाखाली एक मांडले. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. लगेच फळी बसवू, छपरात फवारणी करू, झालं ते वाईट झालं, असं म्हणाला.

"फळी तर तू बसवशीलच. पण माझ्या नावापुढे जे लिहिलंयस ते खोडायचं."

ते खोडता येत नाही, तो अहवाल झाला, असं त्याचं म्हणणं. सिलोमा म्हणाली, "लिहिता येतं तर खोडताही येतं. मी उद्या येते." फळी दोन दिवसांत बसली, फवारणी झाली, चावणं थांबलं. ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि चावणं थांबलं तरी तिसऱ्या दिवशीही गेली. भिंतीलगतच्या खुर्चीत बसायची. घर बघायला आलेल्या माणसांनी विचारलं की काय झालं ते पहिल्यापासून सांगायची, हातांवरच्या खुणा दाखवून. तिसऱ्या दुपारी ब्रेडननं नवा कागद छापून दिला. तिनं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं ते दाखवलं आणि पुन्हा छापायला लावला.

आश्रमातून जोआनचा फोन आला. सगळं कळलं, वाईट वाटलं, सोमवारपासून ये, माझ्या खोलीत बसून बोलू. सिलोमानं विचारलं, "मला हाकललंस ते खोलीत बसून का?" आणि गेली नाही. पगार बुडत होता, ऑकलंडहून मुलगी फोनवर समजावत होती, मीही सांगितलं की इतकं ताणू नकोस. नऊ दिवस तिनं ताणलं. दहाव्या दिवशी जोआननं तिला धुलाईखान्यातच बोलावलं, सातही बायका हजर असताना उभी राहिली आणि म्हणाली की सिलोमाला कसलाही रोग नव्हता, चूक माझी झाली.

"मोठ्यानं," सिलोमा म्हणाली. "मशिनं चालू आहेत."

जोआननं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग सिलोमानं एप्रन बांधला.

त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. मनात होतं की आता सगळं मिटलं. तिनं दार उघडलं आणि वाटेतच उभी राहिली. मी म्हटलं, आत येऊ का? ती म्हणाली, "तीन आठवडे तुला घाई होती. आज नाही?"

मी म्हटलं, "अगं, मला भीती वाटली. माझ्या घरात नातवंडं आहेत."

"मग तसं सांगायचंस. भीती वाटते म्हणायचंस, मी समजले असते. जोआन, तो ब्रेडन, ती परकी माणसं. तू माझ्या आईच्या हातचं जेवलेली आहेस, फेतू. माझं घर कसं असतं ते तुला माहीत होतं." तिनं दार आपटलं नाही. हळू लावलं.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिले. तासीनं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले. राग माझा मलाच आला होता, पण तो काढायला माणूस लागतं. नंतर आम्ही रस्त्यात भेटलो की ती मान हलवायची, एवढंच. रविवारच्या जेवणाला तिच्या अळूच्या पानांचं भांडं पुन्हा यायला लागलं. पाद्रीबाई पहिल्यांदा वाढून घ्यायच्या आणि मोठ्यांदा तारीफ करायच्या. सिलोमा त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एक वर्ष गेलं, जवळजवळ दोन गेली.

गेल्या ऑक्टोबरात समोरच्या, त्याच एजंटच्या भाड्याच्या घरात एक नवीन बाई राहायला आली, आफ्रिकेतल्या बुरुंडीहून आलेली, दोन लहान मुली घेऊन. एक दिवस बसथांब्यावर मी पाहिलं, ती सारखी दंड खाजवत होती आणि कुणी बघितलं की बाही खाली ओढत होती. सिलोमा तिच्या शेजारी उभी होती. तिनं त्या बाईचा हात धरला, बाही वर केली, पुळ्यांवरून अंगठा फिरवला. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्या बाईनं पर्समधून घडी घातलेलं एक पत्र काढून दाखवलं. सिलोमानं ते वाचलं, आणि तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला लांबून दिसली.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "चल, तिघी जाऊ. तो ब्रेडन एकटीचं ऐकत नाही."

बस आली होती. माझी ती बस नव्हती, तरी मी चढले.