दाणा भरेपर्यंत

स्लॅबला तडे गेले होते, आणि ठेकेदाराचा सुपरवायझर चिमीला तिच्या सगळ्या टोळीसकट हाकलायला निघाला होता.

तारापूरचं वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या काळातली ही गोष्ट. बोईसरजवळ क्वार्टर्स बांधायचं काम चालू होतं आणि मी तिथे ओव्हरसियर होतो. चिमी मासवणकडची. भातकापणी आटोपली की घरच्या बायकांना घेऊन मजुरीला यायची. स्लॅबचं क्युरिंग त्यांच्याकडे होतं. क्युरिंग म्हणजे नव्या काँक्रीटला बरेच दिवस ओलं ठेवणं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ओलं राहून होतं; लवकर वाळलं तर तडे जातात.

"रोज पूछता था, पानी मारा? बोलती थी, मारा! झूठी है," सुपरवायझर ओरडला.

"खोटा कोन बोलला? आमी रोज मारला पाणी!" चिमीही काही कमी नव्हती.

हाजरी गेली असती तर पोटापाण्याचा प्रश्न होताच, पण खोटारडी हा शिक्का तिला जास्त झोंबला होता. इतक्यात आमचे इंजिनिअर करंदीकरसाहेब शिडी चढून वर आले. माणूस तापट. आता दोघांचीही खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं.

साहेब एवढंच म्हणाले, "चिमे, पाणी कसं मारतेस ते दाखव."

तिने हंड्याने सगळी स्लॅब भिजवली. एक कोपरा कोरडा ठेवला नाही. हंडा पालथा घातला आणि म्हणाली, "झाला." तासाभरात वाऱ्याने आणि उन्हाने स्लॅब पुन्हा पांढरी पडली.

सुपरवायझर हसला. साहेब हसले नाहीत. "भाताला असंच पाणी देतेस? एकदा भिजवलं की झालं?"

"अवो साहेब, असा कसा होल? दाणा भरे तवर खाचरात पाणी उभा पायजे!"

"मग हे तुझं खाचर. दाणा भरला की मी सांगेन."

चिमी तरातरा खाली उतरली. संध्याकाळपर्यंत पुढच्या स्लॅबवर चिकणमातीचे बांध पडले होते आणि प्रत्येक वाफ्यात पाणी उभं होतं. टोळी कामावर राहिली. जुन्या स्लॅबचे तडे केसाएवढेच होते, ते आम्ही सिमेंटने भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सवयीने विचारलं, "पानी मारा?"

"नाय झाला. दाणा भराचा हाय अजून," चिमी म्हणाली.

शेवटी साहेबांनी स्लॅबवर हातोडी ठोकून पाहिली. खणखणीत आवाज आला. "चिमे, भरला गं दाणा!" त्यांनी वरूनच हाक मारली. तिने स्वतःच्या हाताने बांध फोडले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे नोकरीभर मी एक पथ्य पाळलं. काम सांगताना ते कुठे संपतं, हे आधी सांगायचं. मजुरांना एकदा सांगून पुरायचं. इंजिनिअरांना रोज सांगावं लागायचं.